न्हाणीघरातील पाहणी

बाळ दहा-बारा दिवसांचे झाले, की न्हाणीघरात त्याचा दरबार भरू लागतो. घरातील वडील बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळास त्या पायांवर कधी उताणे, कधी पालथे निजवते, आणि कोमट तेल जिरवता जिरवता त्याच्या अंगाची जी पाहणी करते ती भल्या भल्या डॉक्टरांसही साधणार नाही. टाळू भरत आली की नाही, बेंबी सुकली की नाही, कान दुमडलेला तर नाही, पायांत वाक तर नाही, हे सारे तिच्या बोटांस कळते. परंतु बाळ मुलगा असला म्हणजे आणखी एक गोष्ट पाहावयाची असते, ती मात्र बहुधा कोणी पाहत नाही. पाहिली तरी बोलत नाही. त्याचे दोन्ही वृषण आपल्या जागी, म्हणजे वृषणकोशात, उतरले आहेत की नाहीत, ही ती गोष्ट होय.

हा विषय काढण्यास एका वाचकभगिनीचे पत्र कारण झाले. त्यांचा नातू आता चार वर्षांचा आहे. उजवी बाजू रिकामी आहे, हे मुलाच्या आईच्या सहाव्या महिन्यातच ध्यानात आले होते. तिने ते भीत भीत सांगितले. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी, "मुंजीपर्यंत आपोआप उतरते, आमच्या थोरल्याचेही तसेच होते," असे सांगून तिला गप्प केले. आता थांबावे की दाखवावे, असा या आजीबाईंचा प्रश्न आहे. त्यास आमचे उत्तर एका शब्दाचे आहे : दाखवावे. आणि तेही याच महिन्यात. परंतु एका शब्दाचे उत्तर देऊन मोकळे होणे आम्हांस शाळेतही कधी जमले नाही, आणि कारण कळल्यावाचून वडीलधारी मंडळी ऐकतील असेही वाटत नाही. म्हणून हा विस्तार.

सभ्य घरातील मासिकात हा विषय कशाला, असे ज्यांस वाटेल त्यांनी आपल्या जुन्या ग्रंथांकडे पाहावे. 'वृषण' हा शब्दच मुळी 'वृष्', म्हणजे वर्षाव करणे, या धातूपासून झालेला आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सुश्रुताने शारीरस्थानात मर्मे सांगताना वंक्षण, म्हणजे जांघ, आणि वृषण यांच्यामध्ये 'विटप' नावाचे मर्म सांगितले असून तेथे इजा झाल्यास पुरुष षंढ अथवा अल्पशुक्र होतो असे म्हटले आहे. आज आपण ज्यास न उतरलेला वृषण म्हणतो तो बहुतेक वेळा नेमका याच वाटेवर अडकलेला असतो. आमच्या पूर्वजांस ज्या जागेचे नाव घेताना संकोच वाटला नाही, तिचे नाव घेण्यास आपण का लाजावे?

मुळात हा अवयव घडतो कसा, येथून आरंभ करू. गर्भधारणेपासून मोजता सहा आठवडे होईपर्यंत मुलगा व मुलगी यांच्या गर्भात या बाबतीत काही भेद दिसत नाही. पोटाच्या मागील भिंतीशी, मूत्रपिंडाच्या अंगास, पेशींचा एक उंचवटा तयार होतो. त्यापासून वृषणही होऊ शकतो आणि अंडाशयही. आश्वलायन गृह्यसूत्रात पुंसवन संस्कार तिसऱ्या महिन्यात सांगितला आहे, आणि तो गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी करावा, असा चरकाचा अभिप्राय आहे. यातील पुत्रप्राप्तीचा भाग टिकणारा नाही. पित्याच्या बीजातून वाय गुणसूत्र आले की एक्स, यावर ती गोष्ट गर्भधारणेच्या क्षणीच ठरून गेलेली असते. त्यात वडाच्या कोंबांचे काही चालत नाही आणि सुनेचा तर काडीचाही संबंध नसतो. परंतु 'आधी अव्यक्त, मग व्यक्त' एवढे जे निरीक्षण त्या वचनात आहे, ते मात्र खरे ठरले.

अव्यक्ताचे व्यक्त कोण करतो, याचा छडा १९९० साली लागला. लंडनमधील पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या पथकांनी वाय गुणसूत्रावरील एक लहानसा लेख वाचून काढला. त्यास 'एसआरवाय' असे नाव आहे. त्यापासून घडणारे प्रथिन अवघ्या २०४ अमिनो आम्लांचे. पुढील वर्षी हाच लेख उंदराच्या मादी होणाऱ्या गर्भात घातला, तेव्हा तो गर्भ नर होऊन जन्मास आला. हा आदेश मनुष्यगर्भात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या संधीस सुटतो आणि 'सॉक्स९' नावाच्या दुसऱ्या कारभाऱ्यास जागे करतो. परंतु एकदा हाक मारल्याने काम होत नसते. ती हाक घुमत राहावी लागते. त्यासाठी पेशी एकमेकींस वाढीचे निरोप पाठवतात. या निरोपवाहक द्रव्यांस 'वृद्धिघटक' म्हणतात. त्यांपैकी 'एफजीएफ९' हा एक. तो सॉक्स९ला बळ देतो आणि सॉक्स९ त्याला बळ देतो; दोघे मिळून अंडाशयाकडे नेणारा निरोप दाबून धरतात. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी ज्या नर उंदरांत हा घटकच नाही असे उंदीर निपजवले, तेव्हा वाय गुणसूत्र असूनही त्यांतील काहींची रचना मादीसारखी झाली.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढे २००३ साली कळली. इन्शुलिन हे नाव साखरेच्या विकारामुळे आता घरोघर परिचित झाले आहे. त्या इन्शुलिनचे आणि त्याच्या कुळातील वृद्धिघटकांचे निरोप घेणारे जे तीन ग्राही पेशींवर असतात, ते तिन्ही काढून टाकले असता वाय गुणसूत्र असलेल्या उंदरांतही वृषणाऐवजी अंडाशय तयार झाला. म्हणजे आदेश होता, परंतु तो पाळण्यासाठी पेशींची जी झपाट्याने वाढ व्हावयास हवी होती ती झाली नाही. हुकूम सुटला आणि मनुष्यबळ नाही, असे झाले म्हणावयाचे!

येथे व्याकरणाचा एक दृष्टान्त दिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पुष्कळ वर्षे असे मानीत, की स्त्रीदेह हा उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम, आणि पुरुषदेह हा अपवाद. आदेश मिळाला तर पुरुष, न मिळाला तर आपोआप स्त्री. आता कळून आले आहे, की अंडाशय घडण्यासही 'डब्ल्यूएनटी४' आणि 'आरस्पॉंडिन१' यांचे स्वतंत्र आदेश लागतात. तेव्हा हे दोन स्वतंत्र विधी होत; एक नियम व दुसरा त्याचा अपवाद असे नव्हे. मुलगी म्हणजे न झालेला मुलगा, असे ज्यांच्या मनात अजून घर करून आहे त्यांनी हे दोनदा वाचावे.

आता 'ग्राही' म्हणजे काय, हे नीट समजले पाहिजे. कारण पुढील सर्व कथा त्यावर अवलंबून आहे. आमच्या बिरसीस इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात, १९४० साली, धावपट्टी बांधली, आणि २००८ साली तेथे वैमानिकांस शिकवणारी संस्था निघाली. शिकाऊ विमाने डोक्यावरून घिरट्या घालू लागली म्हणजे आम्हांस नेहमी वाटते, की खालून पाठवलेला बिनतारी निरोप तर साऱ्या आकाशात पसरतो. तो आमच्या अंगणातही येतो, शेजारच्या बांधीतही येतो. परंतु ऐकू येतो तो फक्त त्या वैमानिकास, कारण त्या निरोपाशी जुळवलेले यंत्र त्याच्यापाशी आहे. संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे, तसेच आहे. ते रक्तातून साऱ्या देहात फिरते. पण ज्या पेशीपाशी त्याचा ग्राही आहे तीच त्याचे ऐकते. ग्राही नसला किंवा बिघडला, तर निरोप कितीही मोठ्याने दिला तरी व्यर्थ.

नव्याने झालेल्या वृषणात दोन प्रकारच्या पेशी विशेष महत्त्वाच्या. एक सर्टोली पेशी. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन १८६५ साली केले. दुसऱ्या लायडिग पेशी; त्यांचे वर्णन जर्मनीच्या फ्रान्झ लायडिगने १८५० साली केले. या पेशी कोणते निरोप पाठवतात, याचा शोध पॅरिस येथील आल्फ्रेड जोस्त यांनी सशाच्या पोटातील गर्भावर शस्त्रक्रिया करून लावला आणि तो १९४७ साली प्रसिद्ध केला. वृषण काढून टाकलेला प्रत्येक गर्भ मादीच्या घडणीचा झाला. त्यास टेस्टोस्टेरॉन दिले, तर नराच्या नलिका वाढल्या. परंतु गर्भाशय होणाऱ्या नलिका मात्र तशाच राहिल्या. यावरून त्यांनी अनुमान केले, की त्या नलिका जिरवणारे दुसरेच एखादे द्रव्य वृषणातून निघत असले पाहिजे. अनुमान खरे ठरले. ते द्रव्य सर्टोली पेशी सोडतात, आणि त्यास मुलर-प्रतिरोधी संप्रेरक म्हणतात. न दिसणाऱ्या वस्तूचे केवळ धुरावरून अग्नी ओळखावा तसे हे अनुमान. न्यायशास्त्र शिकवणाऱ्यांनी पर्वतावरील धुराबरोबर हेही उदाहरण द्यावे.

लायडिग पेशी आठव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात आणि टेस्टोस्टेरॉन तयार करतात. त्यांस हे काम करावयास कोण सांगतो? गर्भाचा मेंदू त्या वेळी इतका लहान, की त्याच्याकडून हुकूम येणे कठीण. हा हुकूम येतो वारेकडून, 'एचसीजी' या संप्रेरकाच्या रूपाने. सुनेस दिवस गेले की नाहीत हे पाहण्यासाठी औषधाच्या दुकानातून जी पट्टी आणतात, तिच्यावर दुसरी रेघ उमटवणारे द्रव्य ते हेच! लायडिग पेशींवर पीयूषिका ग्रंथीच्या 'एलएच' नावाच्या संप्रेरकाचा ग्राही असतो. एचसीजी त्याच ग्राहीवर बसते. दोन वेगळ्या धन्यांच्या किल्ल्या एकाच कुलपास लागाव्या तसे हे आहे. पुढे गर्भाची स्वतःची पीयूषिका कामास लागली म्हणजे ती वारेकडून हा कारभार हळूहळू आपल्या हाती घेते. सर्टोली पेशींवर 'एफएसएच' या संप्रेरकाचे ग्राही असतात, आणि त्याच्या प्रेरणेने त्यांची संख्या वाढते. मोठेपणी शुक्रबीज किती तयार होणार हे पुष्कळसे या संख्येवर ठरते. या एफएसएच-ग्राहीची घडण आणि त्याच्यावर संप्रेरक कसे बसते याचा अभ्यास आपल्या मुंबईतही झालेला आहे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था १९७० पासून या क्षेत्रात काम करीत आली आहे. तिच्या माजी संचालिका डॉ. स्मिता महाले यांचा हाच विषय होता.

ग्राही बिघडल्यास काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण असे. कित्येक मुलींस सोळा-सतरा वर्षांच्या होऊनही ऋतुप्राप्ती होत नाही, म्हणून तपासणीस नेतात, आणि गुणसूत्रे पाहता ती एक्स-वाय निघतात. पोटात किंवा जांघेत वृषण असतात, ते टेस्टोस्टेरॉन भरपूर तयार करतात. परंतु ते ऐकणारा ग्राहीच जन्मतः बहिरा असतो. म्हणून बाह्य देह पूर्णपणे स्त्रीचा होतो. यात त्या मुलीचे काही चुकले नाही, आईबापांचेही नाही. अशा काही मुलींच्या बाबतीत लहानपणी जांघेतील अंत्रवृद्धीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वृषण हातास लागतो आणि तेव्हा उलगडा होतो. ज्यांचे निदान वेळेवर होत नाही त्यांची फरपट केवढी होते, याची कल्पना बीड जिल्ह्यातील एका पोलीस शिपायाच्या हकीकतीवरून यावी. कारण वेगळे असेल. परंतु मुलगी म्हणून वाढलेल्या व महिला पोलीस म्हणून नोकरीस लागलेल्या त्या व्यक्तीच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले, शासनाने पुरुष म्हणून नोकरीत राहण्यास मान्यता दिली, आणि २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, हे सर्व वृत्तपत्रांतून आपण वाचले आहे. तिशीच्या उंबरठ्यावर जे कळले ते पाळण्यातच कळते, तर किती दुःख वाचले असते!

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. वृषण घडतो मूत्रपिंडाशेजारी आणि त्यास जावयाचे असते देहाबाहेरील पिशवीत. हा प्रवास दोन टप्प्यांत होतो. जॉन हंटर या स्कॉटिश शस्त्रवैद्याने १७६२ साली वृषणास खालच्या बाजूशी बांधणारी एक दोरी वर्णिली आणि तीस सुकाणू अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पहिल्या टप्प्यात, म्हणजे साधारण आठव्यापासून पंधराव्या आठवड्यापर्यंत, ही दोरी जाड व आखूड होते आणि वृषणास जांघेच्या आतील दारापाशी धरून ठेवते. हे काम 'आयएनएसएल३' हे संप्रेरक करविते. तेही लायडिग पेशींतूनच निघते, तेही इन्शुलिनच्याच कुळातील, आणि त्याचा ग्राही त्या दोरीवर असतो. १९९९ साली ज्या उंदरांत हे संप्रेरक नव्हते त्यांचे वृषण पोटातच वर राहिलेले दिसले, तेव्हा ही गोष्ट सिद्ध झाली. दुसरा टप्पा सुमारे पंचविसाव्या आठवड्यापासून पस्तिसाव्यापर्यंतचा; त्यात टेस्टोस्टेरॉनच्या प्रेरणेने वृषण जांघेच्या नळीतून खाली कोशात उतरतो. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा हा दुसरा टप्पा पुरा व्हावयाचा असतो. म्हणून अशा मुलांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शात वृषण वर राहिलेला आढळतो. पूर्ण दिवसांच्या मुलांत हे प्रमाण शंभरांत दोन ते चार इतके असते.

या दोन-चारांपैकी पुष्कळांचे वृषण जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत आपोआप खाली येतात. "आपोआप उतरते" हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे. सहा महिन्यांचे वय झाले तरी जो उतरला नाही, तो पुढे उतरण्याची आशा जवळजवळ नसते. तेव्हा पंचांगात मुंजीचा मुहूर्त शोधीत बसण्यात काय अर्थ?

आणि हे सहा महिने एवढे मोलाचे का, हे ऐकाल तर थक्क व्हाल. जन्मानंतर वारेचा संबंध तुटतो आणि तिच्या संप्रेरकांचा अंमल संपतो. मग बाळाची पीयूषिका मोकळी होऊन जोराने कामास लागते. पहिल्या महिन्यापासून तिसऱ्यापर्यंत मुलाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन इतके चढते की ते प्रौढाच्या खालच्या मर्यादेस जाऊन भिडते. सहाव्या महिन्याच्या सुमारास ते पुन्हा ओसरते आणि मग पुढे नऊ-दहा वर्षे सारे शांत. या काळास शास्त्रज्ञ 'लघुयौवन' म्हणतात. आपल्या मांडीवर दुपटे ओले करणारा तो गृहस्थ त्या वेळी एका परीने तरुण असतो! मग त्याच्या वृषणात शुक्रबीज का तयार होत नाही? कारण तेच : ग्राही. अर्भकाच्या सर्टोली पेशींवर टेस्टोस्टेरॉनचा ग्राही जवळजवळ नसतोच; तो काही वर्षांनी हळूहळू उगवतो. म्हणजे निरोप मोठ्याने दिला जातो आणि निसर्ग शुक्रबीज घडवणाऱ्या पेशींचे कान मुद्दाम बंद ठेवतो. या योजनेचे आम्हांस राहून राहून कौतुक वाटते.

परंतु एक काम त्याच काळात उरकले जाते. वृषणात गर्भावस्थेपासून असलेल्या मूळ बीजपेशी या महिन्यांत पालटून अशा पेशी होतात की ज्यांच्या साठ्यावर आयुष्यभर शुक्रबीज निर्माण व्हावयाचे असते. कोश हा देहापेक्षा दोन ते चार अंश थंड असतो, आणि हे काम तेथेच नीट होते. वर अडकलेल्या वृषणात हा पालट अपुरा राहतो. वर्षाच्या पुढे गेल्यावर तेथील बीजपेशी उत्तरोत्तर कमी होत जातात. आमच्या भागातील शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. पऱ्हे टाकले, ते बोटभर वाढले, की रोवणी ठरल्या दिवसांत झालीच पाहिजे. पऱ्हे म्हातारे झाल्यावर बांधीत कितीही पाणी साठवा, धान भरत नाही.

यावरून वैद्यकाचा आजचा नियम निघाला आहे. सहा महिन्यांचे वय होताच (बाळ दिवसांआधी जन्मले असल्यास हे महिने जन्मदिनापासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे) वृषण खाली नसेल तर मुलांच्या शस्त्रवैद्यास दाखवावे, आणि शस्त्रक्रिया वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षापर्यंत, उरकून घ्यावी. जांघेत लहानसा छेद घेऊन वृषण मोकळा करतात व कोशात आणून तेथे टाचून ठेवतात. सोबत अंत्रवृद्धीची पिशवी असल्यास तीही बांधून टाकतात. हातास मुळीच लागत नसेल तर पोटात दुर्बीण घालून शोधतात. कोणी आधी सोनोग्राफी करून या असे सांगतात. परंतु जो वृषण जाणत्या हातास लागत नाही तो तीतही खात्रीने दिसतो असे नाही, तेव्हा तिच्यासाठी महिने घालवू नयेत. संप्रेरकाची इंजेक्शने देऊन वृषण उतरवण्याचा उपाय पूर्वी पुष्कळ करीत; त्याचे यश थोडे व टिकाऊपणा त्याहून थोडा, म्हणून आता तो सुचविला जात नाही. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरचे तर १९४७ पासूनचे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासण्यास जे वैद्यकीय पथक येते, त्यासही हे विचारता येते. आपल्या घरातील मुले अंगणवाडीत जात नाहीत, हा मोठेपणा येथे कामाचा नाही.

चार वर्षांच्या त्या नातवाचे काय? बरीच संधी गेली, सर्व गेली नाही. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे सतरा हजार पुरुषांची जी पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली तीत असे दिसले, की तेराव्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांच्या सुमारे सव्वादोनपट होते, आणि त्यानंतर झालेल्यांत सुमारे साडेपाचपट. हा रोग मुळातच विरळ, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु कोशात आणलेल्या वृषणाची गाठ हातास लागते व पोटात राहिलेल्याची लागत नाही, हाही लाभ थोडका नव्हे. शिवाय अशा मुलाच्या जांघेत अचानक तीव्र वेदना सुरू झाल्या तर तो वृषण पिळवटला असेल. त्या वेळी पोटदुखीचा काढा करीत न बसता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

आता पाहण्याची रीत. न्हाऊ घालून झाल्यावर, अंग ऊबदार असता, आपले हातही गरम असता पाहावे. थंडीने किंवा भीतीने मुलाचा वृषण स्नायूच्या ओढीने क्षणात वर जातो आणि रिकामे असल्याचा भास होतो. जो वृषण गरम पाण्यात खाली येतो, आणि हाताने खाली आणता तेथेच राहतो, तो उतरलेलाच समजावा. त्यास शस्त्रक्रिया लागत नाही, परंतु मूल वाढताना तो पुन्हा वर जाऊन बसण्याचा संभव असतो, म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाहवून घ्यावे. दोन्ही बाजू रिकाम्या असल्या तर मात्र सहा महिने सोडाच, सहा दिवसही थांबू नये. अशा बाळांपैकी काही प्रत्यक्षात मुली असतात. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकाराने त्यांचे बाह्य अंग मुलासारखे दिसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगातील क्षार घटून बाळ दगावू शकते. नामकरणाचे जेवण पुढे ढकलता येते, ही तपासणी नाही.

गरोदरपणी आपल्या हातून काही चुकले काय, असाही त्या पत्रात मुलाच्या आईच्या वतीने प्रश्न आहे. नाही. दिवसांआधी जन्म, जन्मसमयी कमी वजन, गर्भवतीचे धूम्रपान यांनी हा संभव वाढतो, एवढे ठाऊक आहे. बहुतेक मुलांत कोणतेच एक कारण दाखवता येत नाही. शेजारशेजारच्या देशांतही मोठे अंतर आढळते : २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत डेन्मार्कच्या नवजात मुलांत हे प्रमाण शंभरांत ९, तर फिनलंडमध्ये २.४ होते. काही रसायने ग्राहीवर जाऊन बसतात आणि खऱ्या निरोपास जागाच ठेवीत नाहीत. डीडीटीपासून होणारे एक द्रव्य टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीस असे अडवते, हे १९९५ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. हिवतापाच्या या मुलखात डीडीटीने पांढरट झालेल्या भिंतींमध्ये आमचे बालपण गेले, म्हणून ही बातमी वाचून आम्ही क्षणभर भिंतीकडे पाहिले. मनुष्याविषयी एवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तरी धानावरील फवारणीच्या औषधाचा डबा धुऊन त्यात घरचे पाणी अथवा तांदूळ भरण्याची जी काटकसर काही घरांत दिसते, ती गर्भवतीच्या घरात तरी बंद व्हावी.

राहता राहिले "आमच्या थोरल्याचेही तसेच होते" हे वाक्य. त्याचे तीन अर्थ संभवतात. थोरल्याचा वृषण पहिल्या तीन महिन्यांत उतरला असेल आणि घरात ध्यानात मुंजीच्या वेळी आले असेल. किंवा तो वर-खाली होणारा असेल, आणि मुळात अडकलेलाच नसेल. किंवा तो उतरलाच नसेल, आणि मुंजीनंतर त्या मुलाकडे कोणी पुन्हा पाहिलेच नसेल. सोवळे नेसू लागलेल्या मुलास घरातील बायका न्हाऊ घालीत नाहीत, आणि बापास हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. तो थोरला आज पस्तिशी-चाळिशीचा असेल. नातवास घेऊन जाल तेव्हा त्यासही सोबत न्यावे. गाडी चालवावयास म्हणून न्यावे, आणि तेथे गेल्यावर त्याने स्वतः डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट घालावी. घरात कोणास सांगण्याची गरज नाही.